चौथ्या ऋतूचा वाली कोण?

वऱ्हाडात दोनच ऋतू, उन्हाळा आणि कडक उन्हाळा, असं पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे म्हणतात आणि आपलीच माणसं त्यावर माना डोलावतात. मला ते कधीच पटलं नाही. माझं घर गुरुकुंज मोझरीत. तिवसा तालुक्यातल्या शाळांमधून मी भूगोल शिकवला. घरची संत्र्याची बाग आणि सोयाबीन-तुरीचं वावर यांच्यावर आजही आमचा संसार चालतो. ज्याचा भूगोलाशी आणि वावराशी एकाच वेळी संबंध आला, त्याला इथे ऋतू दोन वाटणं शक्य नाही. वऱ्हाडात चार ऋतू आहेत, चारही खरे आहेत, आणि त्यातल्या चौथ्याकडे शाळेनं, सरकारनं आणि आपणही पाठ फिरवली आहे. त्याची किंमत दर वर्षी दसरा-दिवाळीच्या तोंडावर शेतकरी मोजतो.

गावाजवळच्या एका बालवाडीत मध्यंतरी जाणं झालं. भिंतीवर ऋतूंचा रंगीत तक्ता होता. चार चौकटी. पहिलीत गुलाबी फुलांनी डवरलेलं झाड, दुसरीत तेच झाड हिरवंगार आणि खाली वाळूत खेळणारी मुलं, तिसरीत त्याची पानं लाल-केशरी होऊन गळताहेत, चौथीत ते बोडकं आणि बुंध्याशी बर्फाचा माणूस. पोरं चारही नावं घडाघडा म्हणून दाखवत होती. एक मुलगी तेवढी माझा पदर धरून म्हणाली, "बाई, याच्यात पावसाळा काऊन नाही?" तिच्या मॅडम गप्प बसल्या. त्यांचा तरी काय दोष? तक्ता छापणाऱ्यालाही हा प्रश्न पडलेला नव्हता. मृग लागला की ज्या गावातल्या सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे लागतात, तिथल्या लेकरांना पाऊसच नसलेलं वर्ष शिकवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तक्ता खोटा नाही, तो दुसऱ्या मुलखाचा आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका दिवसाच्या लांबीत फरक पडत जातो. लंडनला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरातला छोट्यात छोटा आठ तासांचाही भरत नाही. मोझरी एकवीस अंश अक्षांशाच्या आसपास, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. इथला मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर, छोटा अकरा तासांच्या जवळपास. सूर्य आपल्या थेट डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि परत जुलैचा मध्य उलटल्यावर. म्हणजे नुसत्या सूर्यावर सोपवलं असतं तर आपल्या वर्षात फार मोठे चढउतार झालेच नसते. युरोपात वर्ष एकटा सूर्य ठरवतो. आपलं वर्ष सूर्य आणि नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा असे दोघं मिळून ठरवतात, आणि त्या वाऱ्याला लंडनच्या वर्षात जागाच नाही.

हवामानाचे प्रकार पाडण्याची जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत व्लादिमिर कोप्पेन यांची आहे. १८८४ साली त्यांनी तिची सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षं ती सुधारत नेली. त्यांच्या हिशेबात वर्षातल्या सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमानही १८ अंशांच्या खाली जात नसेल, तर तो प्रदेश उष्ण कटिबंधाचा. अमरावतीचा डिसेंबर-जानेवारी या रेषेच्या वरच राहतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि इकडेही त्या आठवड्यात शेकोट्या विझल्या नव्हत्या, पण एका रात्रीनं हवामान ठरत नाही. तक्त्यातला बर्फाचा माणूस उभा राहायला थंड महिन्याची सरासरी शून्याच्या आसपास किंवा त्याखाली यावी लागते, आणि तरीही उन्हाळ्यातला एखादा महिना १० अंशांच्या वर चढावा लागतो. तापमानाची ही फुटपट्टी लावली तर वऱ्हाड चार ऋतूंच्या यादीत बसत नाही. हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही.

पण कोप्पेन यांनी ही फुटपट्टी आणली कुठून, तेही पाहिलं पाहिजे. ते वनस्पतिशास्त्र शिकलेले होते. कोणतं झाड कुठवर तग धरतं हे आधी बघायचं आणि मग त्या सीमेवरचं तापमान आणि पाऊस आकड्यात मांडायचा, अशी त्यांची पद्धत. आकडा नंतरचा, झाड आधीचं. मग आपणही झाडालाच विचारू या. ऋतू पालटला हे मी एकाच खुणेवरून ठरवते: झाडाचं, जमिनीचं आणि माणसाचं चालू असलेलं काम थांबलं पाहिजे आणि दुसरं सुरू झालं पाहिजे. ऊन थोडं चढलं, थोडं उतरलं, याला मी ऋतू म्हणत नाही.

थंड मुलखात हे थांबवण्याचं काम गारठा करतो. सफरचंदाला सात अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास मिळाले नाहीत, तर त्याला धड फुलोरा येत नाही. आपल्याकडे ते काम पाण्याची वाण करते. मेळघाटातला साग पानं टाकतो तो जमिनीतली ओल सरत आली म्हणून, बर्फाशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे तक्त्यातली पानगळ हिवाळ्याच्या आधी येते आणि आपली हिवाळा निघून जाताना. तिकडच्या झाडाची पानगळ आणि पालवी यांच्यामध्ये आख्खा हिवाळा पसरलेला असतो. आपल्या कडुनिंबाला ही दोन्ही कामं उरकायला काही आठवडे पुरतात. माघ-फाल्गुनात त्याची पिवळी पानं अंगणभर पडतात आणि पाडव्याला आपण त्याचीच कोवळी पानं गुळाबरोबर खातो. पिंपळ तांबूस पालवी घेऊन उभा राहतो, पळस पान नसलेल्या फांदीवर फुलतो, आणि पाऊस तर अजून तीन महिने लांब असतो. भर उन्हाच्या तोंडावर नवं पान काढणारं झाड तक्त्याच्या कोणत्या चौकटीत बसवायचं?

याहून नेमकी साक्ष हवी असेल तर संत्र्याच्या बागेत यावं. मोर्शी, वरुड, चांदूर बाजार, तिवसा या पट्ट्यातल्या बागाईतदाराला जे ठाऊक आहे ते पुस्तकात क्वचित सापडतं. नागपुरी संत्र्याला बारमाही पाणी देत राहिलं तर झाड वाढत राहतं आणि फूल थोडं थोडं, केव्हाही येतं. त्यातून बहार साधत नाही. बहारासाठी झाड आधी थांबावं लागतं. म्हणून आम्ही ताण देतो. आंबिया बहाराचा ताण डिसेंबरात सुरू होतो. पाऊस गेलेला, थंडी पडलेली, त्यात पाणी तोडायचं. जमीन भारी असली तर ताण लांबतो, हलकी असली तर लवकर बसतो. रोज सकाळी बागेत जाऊन पान हातात घ्यावं लागतं. आधी त्याची तकाकी जाते, मग ते कडेनं आत वळू लागतं, मग पिवळसर पडतं. माझे दीर पान बोटात धरून नुसतं वाकवतात आणि सांगतात, "वहिनी, झाड अजून ताणावर आलं नाही, पानी नका सोडू." झाडाची पाव हिश्श्याच्या आसपास पानं गळाली की ताण पुरा झाला. मग जानेवारीत एकदम भरपूर पाणी देऊन चालत नाही. आधी हलकं आंबवणीचं पाणी, काही दिवसांनी चिंबवणीचं, आणि मग नेहमीच्या पाळ्या. त्यानंतर काही आठवड्यांत आख्खी बाग पांढरी होते, आणि त्या दिवसांत मोझरीच्या रस्त्यानं संध्याकाळी गाडीवरून जाणाऱ्यालाही वास सांगतो की इथं बहार फुटला आहे.

हेच झाड उन्हाळ्यात पुन्हा एकदा थांबवता येतं. मृग बहार धरायचा असेल त्यानं एप्रिलच्या अखेरीपासून पाणी तोडायचं. तिथं थंडीची साथ नसते, ताण एकट्या उन्हाचा आणि कोरड्या जमिनीचा. तो ताण माणूस तोडत नाही, मिरगाचा पाऊस तोडतो. आंबियाचं फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरापर्यंत उतरतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुटणारा हस्त बहारही असतो, पण त्याच्या नादी लागणारे थोडे. एकाच झाडाला वर्षात दोन वेळा, दोन वेगळ्या कारणांनी थांबता येतं आणि दोन्ही वेळा नव्यानं सुरू होता येतं, तेव्हा त्या मुलखाच्या वर्षात नुसतं ऊन आणि कडक ऊन आहे असं म्हणायला जीभ कशी रेटते?

ऋतूनं शिस्त मोडली तर काय होतं तेही झाडच दाखवतं. ताण भरत आलेला असताना अवकाळी पाऊस पडला की फुलाऐवजी नवती फुटते, नुसती हिरवी पानं, आणि ते वर्ष हातचं गेलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात राज्यभर गारपीट झाली, ती ऐन आंबियाच्या फुला-फळाच्या दिवसांत. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात भर उन्हाळ्यात पाऊस पडत राहिला, मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईत पोचले, एरवी ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतात. शहरात लोकांना गारवा मिळाला म्हणून बरं वाटलं. ज्यांनी मृग बहारासाठी बाग ताणावर सोडली होती, त्यांना विचारून पाहा.

आता चार कसे, ते सांगते. वऱ्हाडातल्या कमाल तापमानाचा वर्षाचा आलेख काढला तर त्याला दोन उंचवटे येतात. युरोपात उष्मा जुलै-ऑगस्टात शिगेला पोचतो, आपल्याकडे तो मेमध्येच. जूनमध्ये पाऊस येऊन तो मोडतो, ऑगस्टात दिवसाचा पारा तिशीच्या आसपास येतो, आणि पाऊस सरला की ऑक्टोबरात पुन्हा दोन-तीन अंश वर चढतो. मग थंडी. दुसरा उंचवटा छोटा आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना स्पष्ट उतार आहेत. भारतीय हवामान खातंही वर्षाचे चारच भाग करतं: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमी पावसाआधीचा काळ, जून ते सप्टेंबर मोसमी पाऊस, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पावसानंतरचा काळ. म्हणजे चौथा ऋतू कागदावर आहे. मात्र उन्हाळा, पावसाळा, हिवाळा म्हणताना तो आपल्या तोंडात येत नाही.

या दिवसांत जमिनीत ओल असते आणि वर स्वच्छ आभाळ. दुपारी अंग भाजतं, पहाटे गवतावर दव असतं. हस्ताचा पाऊस जाता जाता हरभऱ्यासाठी ओल ठेवून जातो आणि ती उडून जाण्याआधी पेरणी साधावी लागते. सोयाबीनची सोंगणी याच दिवसांत, कपाशीचा पहिला वेचा याच दिवसांत, तूर उंच होऊन फुलावर येण्याच्या बेताला असते आणि एखादी दाट धुवारी तिचा फुलोरा झाडून टाकते. चारपाच कामं एकदम अंगावर येतात, मजूर मिळत नाही, मळणीयंत्राला नंबर लावावा लागतो. मे महिन्यात शेतकऱ्याला सावलीत बसता येतं, या महिन्यात बसता येत नाही.

आपल्या बायकांनी आणि पोरींनी हा ऋतू कधीचा ओळखला आहे. भाद्रपदातल्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघरी गाणी आणि खिरापत चालते. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचं मखर करतात, कारण तोवर ज्वारीची ताटं माणसाच्या डोक्यावर गेलेली असतात. हा सगळा सण पाऊस परतण्याच्या आणि पीक हाती येण्याच्या सीमेवर उभा आहे. कोजागिरीनंतर पाच दिवसांनी आमच्या गावाचा सर्वांत मोठा दिवस येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीला, गुरुकुंजात देह ठेवला. त्यांनी हा आश्रम १९३५ साली उभारला होता. पुण्यतिथीच्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. ही माणसं बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर. उघड्या मैदानावर, उघड्या आभाळाखाली आठवडाभर राहतात. श्रावणात हे जमणार नाही, वैशाखात तर नाहीच. हा मेळा ज्या ऋतूच्या भरवशावर भरतो, तो हाच.

एक अडचण मात्र आहे. तिथी चंद्राची, ऋतू सूर्याचा. २०२२ साली ही पंचमी १४ ऑक्टोबरला होती, २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे २ नोव्हेंबरला गेली. पहिल्या वर्षी येणारा माणूस सोंगणीच्या धावपळीतून येतो, दुसऱ्या वर्षी हरभरा पेरून येतो. आपली नक्षत्रंही जागा सोडताहेत. संक्रांत आपण १४ जानेवारीला करतो आणि सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या २१-२२ तारखेला. हे अंतर शतकानुशतकं वाढत चाललं आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीनं वर्ष विषुवदिनाला बांधून दिलं आणि २२ मार्च १९५७ पासून ते राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून लागू झालं. आकाशवाणीवर ती तारीख सांगतात, वावरात कुणी विचारत नाही. म्हणून मी म्हणते की ऋतू तारखेनं पकडू नये, कामानं पकडावा.

ज्यांच्याकडे चार ऋतू निर्विवाद आहेत तेही असंच करतात. काश्मीरला बर्फ पडतं, चिनार लाल होतो, तक्त्यातल्या चारही चौकटी तिथं डोळ्यांनी दिसतात. तरी काश्मिरी माणूस आपला हिवाळा २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या चिल्लई कलांनं मोजतो, कारण सरपण, धान्य, पाण्याचे नळ, सगळी तजवीज त्या चाळीस दिवसांची करावी लागते. जपानी लोकांना आपल्या चार ऋतूंचा मोठा अभिमान, पण वसंत आणि उन्हाळा यांच्यामधल्या पावसाच्या दिवसांना त्यांनी वेगळं नाव दिलं आहे आणि तिथलं हवामान खातं दर वर्षी त्याच्या सुरुवातीची आणि शेवटाची घोषणा करतं. ज्या दिवसांची तयारी वेगळी, ते दिवस वेगळे मोजायचे, एवढी ही साधी गोष्ट.

आपल्या सरकारलाही हे जमत नाही असं नाही. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२४ साली राज्यात शाळा १५ जूनला सुरू झाल्या आणि विदर्भात १ जुलैला. २०२५ साली १६ जून आणि २३ जून. इथलं ऊन वेगळं आहे हे मुंबईत बसून मान्य झालं आहे. उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडे आहेत, त्यातला देशातला पहिला अहमदाबादेत २०१३ साली झाला आणि मग नागपूरनंही तो केला. २०२४ च्या मे महिन्याअखेर अकोला जिल्ह्यात उन्हापायी कलम १४४ लावलं गेलं, कामाच्या वेळा बदलल्या गेल्या. पावसाळ्याआधी जिल्हा नियंत्रण कक्ष सुरू होतात, पूररेषेतल्या गावांच्या याद्या निघतात. उन्हाळ्याला वाली आहे, पावसाळ्याला आहे. चौथ्या ऋतूची जबाबदारी कुणाकडे आहे, हे तहसीलमध्ये विचारून पाहा.

या दिवसांत काय होतं ते मी वावरात उभी राहून पाहिलं आहे. सोंगलेलं सोयाबीन गंजी लावून ठेवलेलं असतं, मळणीयंत्राची वाट बघत. रात्री पाऊस येतो. ताडपत्री एका बाजूनं उडते. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं म्हणून बरं वाटतं, पण गंजीत हात घातला की आत वाफ लागते. दोन-तीन दिवसांनी वरचा थर बाजूला केला तर शेंगा काळ्या पडलेल्या आणि शेंगेच्या शिवणीतून पांढरा कोंब बाहेर आलेला. दाणा दाबला तर पिठासारखा बोटाला लागतो. वासावरूनच कळतं की हे बियाण्याला नाही, बाजारालाही नाही. चार महिने डवरणी, निंदण, फवारणी करून पाऊस, किडी, रानडुकरं यांच्यातून वाचवलेलं पीक पावसाळा संपल्यानंतर जातं. याची नोंद पावसाळ्याच्या नुकसानीत करायची की अवकाळीच्या, यावरच आधी घोळ होतो.

२०१९ च्या ऑक्टोबरात राज्यभर हेच झालं. विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती, सरकार बनलेलं नव्हतं, राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना १८ हजार रुपये जाहीर केले. २०२४ च्या नोव्हेंबरात बाजारात आलेल्या सोयाबीनमध्ये ओल जास्त म्हणून ४,८९२ रुपयांचा हमीभाव मिळेना, तेव्हा केंद्रानं खरेदीसाठीची ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेली. चांगलं केलं, पण तोवर कित्येकांनी आपला माल व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं घातला होता. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेले, विदर्भालाही झळ बसली, आणि ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. प्रत्येक वेळी मदत नुकसानीनंतर, प्रत्येक वेळी अपवाद म्हणून. हवामान खात्यानं २०२० सालीच मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्यानं काढल्या, त्यात वायव्य भारतातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. परतीचा पाऊस लांबतो आहे हे सरकारच्याच कागदावर असताना ऑक्टोबरातल्या पावसाला दर वर्षी अचानक आलेलं संकट म्हणायचं, हे मला मान्य नाही.

सर्वांत वाईट गोष्ट विम्यात झाली. पंतप्रधान पीक विमा योजनेत कापून वावरात पसरलेल्या किंवा पेंढ्या बांधून ठेवलेल्या पिकाला कापणीनंतर १४ दिवस संरक्षण देण्याची तरतूद आहे. शेतकऱ्यानं ७२ तासांत कळवायचं. या तरतुदीत कटकटी होत्या, पंचनाम्याला माणूस वेळेवर येत नसे, तक्रारी पुष्कळ होत्या. तरी संपूर्ण योजनेत चौथा ऋतू ओळखणारं एवढं एकच कलम होतं. महाराष्ट्रानं २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातली विमा योजना बंद केली आणि तिच्याबरोबर हे काढणीपश्चात संरक्षणही वगळलं. आता भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर ठरणार. पीक कापणी प्रयोग उभ्या पिकाचा होतो. गंजीत सडलेलं सोयाबीन त्याला दिसत नाही. प्रयोगाच्या दिवशी महसूल मंडळात पीक चांगलं उभं होतं आणि आठ दिवसांनी गंजीत कुजलं, तर कागदावर त्या शेतकऱ्याचं काहीच गेलेलं नाही.

खोट्या अर्जांमुळे हे करावं लागलं, असं सांगितलं गेलं. खोटे अर्ज झाले असतील तर ते पकडावेत, मोबाइलवर पावसाचा इशारा देता येतो तर मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडाही तपासता येतो. कापणीच्या पंधरवड्यात मंडळात अमुक मिलिमीटर पाऊस झाला की सोंगलेल्या पिकाची भरपाई आपोआप सुरू होईल, असा नियम करता येईल. त्यात पंचनाम्याचीही गरज उरत नाही. हे काढणीपश्चात कलम येत्या खरिपाआधी परत आलं पाहिजे.

बाकीची कामं तर फार पैशांचीही नाहीत. अनुदानाची ताडपत्री दिवाळीनंतर मिळून उपयोग नाही, तिची सोडत पोळ्याआधी निघाली पाहिजे. बाजार समित्यांच्या आवारात आणि मोठ्या गावांत माल वाळवायला छप्पर असलेले ओटे हवेत. नाफेडच्या हमीभाव खरेदी केंद्रांची नोंदणी सोंगणी सुरू व्हायच्या आत उघडी असावी आणि ओलाव्याचा यंत्रावरचा आकडा शेतकऱ्याला तिथंच लेखी मिळावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मृगाआधी जसा पेरणीचा सल्ला काढायचा, तसाच ठळकपणे मंडळनिहाय सोंगणीचा सल्ला सप्टेंबरात काढावा. आणि तालुक्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत, बालवाडीत वऱ्हाडाच्या वर्षाचा तक्ता लागावा: ताणावर आलेली संत्र्याची बाग, नव्या पालवीचा कडुनिंब, झडीत तिफण धरून उभा असलेला माणूस, आणि ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसलेली भुलाबाई. चित्रं काढून द्यायला आमच्याच शाळांतली मुलं तयार आहेत, छपाईचा खर्च ग्रामपंचायतीला पेलण्यासारखा आहे. पुण्यतिथी महोत्सवात दर वर्षी शेतीवर चर्चा होते. या वर्षीच्या चर्चेत काढणीपश्चात विम्याचा ठराव मांडावा आणि तो मुंबईला पाठवावा, अशी महोत्सव भरवणाऱ्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे.